नाकतोड्याचा मुखवटा

आमच्या शेजारच्या खोलीत एक सातवीतली मुलगी राहते. जुन्या वह्यांची मागची कोरी पाने ती फाडून जपून ठेवते आणि त्यांवर चित्रे काढते. गेल्या महिन्यात रात्री वीज गेली, म्हणून सारी चाळ गॅलरीत येऊन बसली होती. तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात ती एक पान घेऊन आमच्याकडे आली. पानावर माणूस होता, पण डोके किड्याचे. मोठाले डोळे, कपाळावर दोन मिशा, कमरेला भला मोठा पट्टा.

"काका, हा नवा रायडर आहे. मीच केलाय. पण काहीतरी चुकतंय."

मावसभावाच्या मोबाईलवर ती एक जपानी मालिका पाहते. 'कामेन रायडर' तिचे नाव, म्हणजे मुखवटा घातलेला स्वार. ही काल-परवाची मालिका नव्हे. तिचा पहिला भाग 3 एप्रिल 1971 रोजी जपानात दाखवला गेला. मधली काही वर्षे खंड पडला, पण 2000 सालापासून एक मालिका संपली की दुसरी सुरू, असा क्रम लागला. दर वेळी नवा नायक, नवा मुखवटा, नवा पोशाख. चित्रात काय चुकते आहे हे त्या पोरीला सांगायचे, तर हे वीर मुळात घडवतात कसे ते आधी आपल्याला कळले पाहिजे. म्हणून आम्ही थोडा शोध घेतला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण चित्रे काढणारी पोरे आपल्या घरोघरी आहेत.

पहिला रायडर ज्यांनी रेखाटला त्यांचे नाव शोतारो इशिनोमोरी. 1938 साली मियागी प्रांतातल्या एका गावात त्यांचा जन्म झाला. शाळेत असतानाच त्यांची चित्रकथा छापून आली. पुढे ते टोकियोला गेले आणि होतकरू चित्रकथाकार दाटीवाटीने राहत अशा एका लाकडी इमारतीत राहिले. चित्रकार होण्यासाठी ज्या थोरल्या बहिणीने त्यांना पाठबळ दिले, ती 1958 साली ऐन तरुणपणी वारली. तरी त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली नाही. 1998 साली ते गेले, तोवर त्यांनी काढलेल्या पानांची गणती सव्वा लाखाच्या वर गेली होती. गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

तोएई या चित्रपट कंपनीचे निर्माते तोरू हिरायामा यांना मुलांसाठी मुखवटाधारी वीराची मालिका काढायची होती. पहिला आराखडा झाला, तो पसंत पडला नाही. दुसरा झाला, तोही बाजूला गेला. मग इशिनोमोरींनी 1970 साली छापून आलेल्या आपल्या एका कथेतला कवटीचा मुखवटा पुढे केला. वाहिनीच्या मंडळींना तो फार भेसूर वाटला. त्यानंतर त्यांनी पुष्कळ रेखाटने केली आणि त्यांत एक चेहरा नाकतोड्याचा निघाला. असे सांगतात, की ही चित्रे त्यांनी आपल्या लहानग्या मुलाला दाखवली आणि 'यातले कोणते चांगले?' असे विचारले. पोराने नाकतोड्यावर बोट ठेवले. मोठमोठ्या माणसांची खल करून डोकी शिणली आणि निकाल दिला एका लेकराने!

आता नाकतोडाच का? सिंह का नाही, गरुड का नाही? वाचकहो, यातच खरी गोम आहे. नाकतोडा चिमूटभर जीव. गवतात पायाखाली येतो, त्याची कोणाला भीती नाही. पण आपल्या अंगाच्या कितीतरी पट लांब तो उडी मारतो. शिवाय तो गवताचा, रानाचा रहिवासी. त्या काळी जपानात कारखान्यांच्या धुराने आणि घाण पाण्याने हाहाकार उडवला होता. मिनामाता गावी कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे कोळ्यांची कुटुंबेच्या कुटुंबे अपंग झाली. हा रोग 1956 साली उघडकीस आला. 1970 साली तिथल्या संसदेने प्रदूषणाविरुद्ध एकामागून एक कायदे केले आणि 1971 साली पर्यावरणासाठी वेगळे सरकारी खाते उघडले. अशा वेळी गवतातला किडा माणसाच्या बाजूने उभा राहतो, ही कल्पना पोरांच्याच नव्हे, थोरांच्याही मनाला भिडणारी होती. त्याच्या पट्ट्यात एक चक्र बसवले होते. मोटारसायकल वेगात गेली, वारा लागला, की ते चक्र फिरायचे आणि त्यातून त्याला बळ मिळायचे. ना कोळसा, ना तेल, नुसता वारा!

कथाही साधी नव्हती. ताकेशी होंगो नावाच्या एका हुशार विद्यार्थ्याला 'शॉकर' नावाची दुष्ट संघटना पळवून नेते. त्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया करून त्याला अर्धा माणूस, अर्धे यंत्र बनवते. मेंदूही ताब्यात घ्यायचा, तेवढ्यात तो निसटतो. म्हणजे त्याच्या अंगातले बळ शत्रूनेच दिलेले. ज्यांनी त्याचे माणूसपण हिरावले, त्यांच्याशीच तो त्या बळाने लढतो. त्याला ते बळ मिळाल्याचा आनंद नाही, उलट दुःख आहे. पण तो रडत बसत नाही.

पोशाखाचेही असेच आहे. मुखवट्याचे मोठे लाल डोळे आपल्याला दिसतात, पण आतला माणूस त्यांतून पाहत नाही. डोळ्यांखाली ज्या काळ्या खुणा आहेत, तिथे बाहेर बघायला फट ठेवलेली असते. मुलांना त्या खुणा अश्रूंसारख्या वाटतात. आम्हांला हे वाचून नवल वाटले. काम अडू नये म्हणून केलेली फट, आणि तीच चेहऱ्यावरची व्यथा होऊन बसली!

आता त्या दिवसांतली एक खरी घटना सांगतो. आम्ही ती त्या मुलीलाही सांगितली, तेव्हा तिचे वडील शेजारीच बसले होते. होंगोचे काम हिरोशी फुजिओका हा तरुण नट करत होता. सुरुवातीला मुखवटा घालून मारामारी आणि मोटारसायकलवरची कामेही तोच करायचा. मार्च 1971 मध्ये, पहिला भाग लोकांना दिसायच्याही आधी, चित्रीकरण चालू असताना त्याची मोटारसायकल कोसळली आणि त्याचा पाय मोडला. महिनोन् महिने उठता येणार नव्हते. नवव्या-दहाव्या भागाचे काम अर्धवट पडले होते.

पोरीने मध्येच विचारले, "मग त्याला काढून टाकलं ना, काका?"

आम्ही काही बोललो नाही. तिचे वडील पॉवर प्रेसवर कामाला होते. चार वर्षांपूर्वी उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकाने हातावर थोडे पैसे टेकवले आणि दुसऱ्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. आता ते एका इमारतीवर रात्रपाळीचे वॉचमन आहेत. त्या पोरीच्या तोंडून तो प्रश्न सहज आला, कारण तिने घरात तेच पाहिले होते.

तिथे काय झाले ते ऐका. नायकाला मारून टाकावे आणि नवा आणावा, असा विचार पुढे आला होता. कारभाराच्या हिशेबाने ते सोपे होते. पण हिरायामांनी ते होऊ दिले नाही. मुलांच्या मनातला वीर असा मरता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. मग आधीच्या चित्रीकरणाचे तुकडे जोडून, दुसऱ्याचा आवाज वापरून तेराव्या भागापर्यंत गाडे रेटले. चौदाव्या भागापासून होंगो परदेशात शत्रूशी लढायला गेला असे दाखवले आणि त्याच्या जागी हायातो इचिमोंजी हा दुसरा रायडर आणला. ते काम ताकेशी ससाकी या नटाने केले. पहिल्याची जागा पुसली नाही, राखून ठेवली. फुजिओका बरा झाला, परत आला आणि 1972 साली पुन्हा मुख्य भूमिकेत उभा राहिला. दोन्ही रायडर खांद्याला खांदा लावून लढताना पोरांनी पाहिले. ती पहिली मालिका 98 भाग चालली.

या अडचणीतूनच पुढच्या साऱ्या रायडरांचे रूप ठरले. ससाकीला मोटारसायकल चालवायचा परवाना नव्हता, असे सांगतात. मग वाऱ्याच्या वेगाने रूप बदलायचे कसे? तेव्हा उभ्या जागी हात फिरवून 'हेनशिन' म्हणायचे, म्हणजे 'रूप बदल', अशी तोड काढली. जपानातली गल्लीगल्लीतली पोरे तसे हात फिरवू लागली. पहिला पोशाख इतका गडद होता, की रात्रीच्या दृश्यात वीर दिसतच नसे. म्हणून नव्या पोशाखाच्या हातापायांवर पांढुरकी पट्टी ओढली. जी रेघ आपण नक्षी समजतो, ती अशी गरजेपोटी आलेली असते.

तेव्हापासून आजवर नाना तऱ्हेचे रायडर झाले. 2009 सालचा रायडर डावा-उजवा दोन रंगांचा, कारण एका अंगात दोन माणसे एकत्र लढतात. 2013 सालच्याने संत्र्याचे चिलखत घातले. 2018 सालच्याच्या तर डोळ्यांच्या जागी जपानी अक्षरांत 'रायडर' असे चक्क लिहिलेले! तरीही पाहणारा ओळखतो, कारण मोठे डोळे, पट्टा आणि रूप बदलणे यांचा धागा तुटलेला नाही. आत घाम गाळणारा माणूस वेगळाच असतो. सेइजी ताकाइवा या कसबी माणसाने 2001 पासून पुढे बहुतेक मालिकांत मुख्य वीराचा पोशाख अंगावर वागवला, पण त्याचा चेहरा पडद्यावर क्वचितच दिसला. त्याला वाकता यावे, धावता यावे, श्वास घेता यावा, हेही चित्रकाराला आधीच पाहावे लागते. म्हणून जवळून दाखवायला एक नेटका पोशाख आणि मारामारीला दुसरा हलका, असे दोन करतात.

मायबहिणींनो, एक सावधगिरीही सांगून ठेवतो. या वीराच्या पाठीमागे दुकानदारी आली, ती पहिल्या दिवसांपासून. फिरणारा, दिवा लागणारा पट्टा खेळण्यांच्या दुकानांत आला. एका खाऊच्या पुड्याबरोबर रायडरचे चित्र मिळू लागले. पोरे पुडे विकत घेत, चित्र ठेवून घेत आणि खाऊ रस्त्यात फेकून देत. आईबाप आणि शिक्षक हवालदिल झाले. आज तर पट्टा, त्यात बसवायची चकत्या-बटणे वगैरे वस्तू आणि पोशाख यांचा विचार खेळणी विकण्याच्या हिशेबाने आधीपासूनच होतो. पोरांनी हट्ट धरला तर त्यांना रागे भरू नका. पण हा हिशेब त्यांना समजावून सांगा. पोरे समजूतदार असतात.

आणि हाती कागद-पेन्सिल द्या. नवा वीर काढायला पैसे लागत नाहीत. आम्हांला जे उमगले ते असे: आधी एक लहानसा, दुर्लक्षित जीव निवडावा. त्याला एकच गुण द्यावा, पाच देऊ नयेत. त्याचे दुःख कोणते ते ठरवावे, म्हणजे चेहरा आपोआप येतो. काळ्या सावलीसारखे नुसते आकार काढून पाहावे. तेवढ्यावरून वीर ओळखू आला तर चित्र साधले. रंग दोन-तीनच असावेत. शेवटी विचारावे, की हा पोशाख घालून माणसाला जिना चढता येईल का?

हे सारे आम्ही त्या पोरीला सांगितले. तिने आपले चित्र पुन्हा न्याहाळले. तिच्या रायडरला सहा हत्यारे होती आणि सात रंग. "खूपच झालंय," ती म्हणाली आणि पान उलटून नव्याने बसली. तिने मुंगी निवडली. मुंगी आपल्या वजनाहून कितीतरी जास्त ओझे उचलते, हे तिला शाळेत शिकवले होते. उजव्या हाताचा मोजा काढताना ती थबकली. मग वडिलांचा हात आपल्या हातात घेऊन मेणबत्तीजवळ नेला, नीट पाहिला आणि तीनच बोटे काढली.

वडील म्हणाले, "अगं, असा कुठं वीर असतो का?"

"फुजिओका परत आला होता ना, पप्पा," ती म्हणाली. "हलू नका, अजून अंगठा राहिलाय."

इतक्यात वीज आली. सगळे आपापल्या खोलीत गेले. ते दोघे मात्र बराच वेळ तिथेच बसून होते. पप्पांना रात्रपाळीला जायला त्या दिवशी थोडा उशीर झाला. ते चित्र आता त्यांच्या दारामागे, कॅलेंडरच्या शेजारी चिकटवलेले आहे. तुमच्या घरी असे एखादे चित्र असेल, तर त्याखाली पोराचे नाव आणि तारीख घालून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.