वाचनमंदिरांतील किरणयंत्र

गेल्या महिन्यांत एका रविवारीं सकाळीं आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीचा अमेरिकेहून दूरध्वनि आला. ती तेथील एका विद्यापीठांत वास्तुशास्त्राचा अभ्यास करीत आहे. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयांत एक कार्यशाळा असून तिला तिकडे ‘मेकरस्पेस’ म्हणतात. तेथें लेसर किरणांनीं फळ्या कापण्याचें एक यंत्र आहे. आणखी दोन घ्यावीं असा विचार चालला आहे, आणि तीं ठेवण्यासाठीं शेजारच्या खोलींतील वाचनाचीं टेबलें हलवावीं लागणार आहेत. विद्यार्थ्यांच्या वतीनें मत द्यावयाचें काम हिच्याकडे आलें. ती म्हणाली, “अण्णाआजोबा, तुम्ही जन्मभर शाळेचें ग्रंथालय सांभाळलेंत. तुमचें मत हवें आहे. पण यंत्र कसें चालतें तें आधीं ऐका, मग बोला.”

ही अट तिनें घातली तें बरें झालें. कारण ‘वाचनमंदिरांत करवत कशाला?’ हें वाक्य आमच्या ओठांवर आलेलेंच होतें.

यंत्राची रचना ऐकून आम्हांस कौतुक वाटलें. पेटीच्या मागील बाजूस एक नळी असते, तींत कर्बद्विप्राणिल वायु व इतर कांहीं वायूंचें मिश्रण असतें. विजेच्या योगानें त्यांतून जो किरण निघतो तो डोळ्यांस दिसत नाहीं. तीन आरशांवरून वळवीत त्याला एका भिंगापर्यंत आणतात, आणि भिंग त्याला केसाएवढ्या बिंदूंत गोळा करतें. त्या बिंदूखालीं लांकूड जळून व वाफ होऊन नाहींसें होतें. नळी जागची हलत नाहीं. संगणकावर काढलेल्या आकृतीच्या रेषेवरून भिंग फिरतें. तीन मिलिमीटर जाडीची प्लायवुडची फळी असें यंत्र सहज कापतें. धातु मात्र त्याच्यानें कापवत नाहीं. आमच्या वाचकांच्या घरीं हल्लीं जाळीदार नक्षीच्या ज्या लग्नपत्रिका येतात, किंवा गणपतीपुढें जीं कोरीव मखरें उभीं राहतात, त्यांतील पुष्कळशीं याच जातीच्या यंत्रांतून निघालेलीं असतात.

आणखी एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हा वायूचा लेसर 1964 साली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ज्यांनीं सिद्ध केला, ते चंद्रकुमार पटेल 1938 साली आपल्या बारामतीस जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर झाले. हें ऐकतांच माजघरांत जमलेल्या मंडळींचा यंत्राविषयींचा आदर एकदम वाढला. मनुष्यस्वभाव आहे.

परंतु हें सर्व ग्रंथालयांतच कां? नातीचें उत्तर सरळ होतें. अभियांत्रिकीच्या कार्यशाळेंत अभियांत्रिकीचे विद्यार्थीच जातात; इतिहासाच्या वा संगीताच्या विद्यार्थ्यास तेथें कोणी उभें करीत नाहीं. सर्वांना समान हक्कानें जातां येईल अशी विद्यापीठांत जागा एकच, ती ग्रंथालय. नेवाडा विद्यापीठाच्या रेनो येथील डेलामेअर ग्रंथालयानें 2012 साली त्रिमिति छपाईचीं यंत्रें याच विचारानें सर्वांस खुलीं केलीं. आपल्याकडे पुणें जिल्ह्यांतील पाबळच्या विज्ञान आश्रमांत 2002 साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेच्या साह्यानें ‘फॅब लॅब’ उभी राहिली. ती ग्रंथालयांत नसली तरी तिचा हेतु याहून फारसा निराळा नाहीं.

आम्हीं थोडें संस्कृत शिकलों असल्यानें आमचें मन शब्दांकडे वळलें. ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेलें, दोऱ्यानें बांधलेलें. ‘लिख्’ या धातूचा जुना अर्थ ओरखडणें; म्हणूनच काव्यांतील लाजरी नायिका पायाच्या नखानें भूमि ‘लिहिते’. दक्षिणेंत ताडपत्रावर लोखंडी लेखणीनें अक्षरें कोरीत आणि मग त्यांत काजळी भरीत. तेव्हां कोरण्याचें यंत्र ग्रंथालयांत परकें आहे, असें निदान आमच्यासारख्यानें म्हणूं नये.

आणि येथेंच एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगणें सुखाचें नाहीं. आमच्याकडे शाळेचें पुस्तकांचें कपाट असतांना वाचनाच्या तासाला एक मुलगा पुस्तक उघडें ठेवून बाकाखालीं पुठ्ठा कापीत असलेला आढळला. त्याचे वडील सुतारकाम करीत. पुस्तकांत छायायंत्राचें, म्हणजे उन्हाच्या घड्याळाचें, चित्र होतें आणि तो तें करून पाहत होता. आम्हीं त्याचें पातें काढून घेतलें. “येथें वाचायचें, कापायचें नाहीं,” असें म्हणून त्यास बाहेर उभें केलें. पुढें तो कपाटाकडे पुन्हा आला नाहीं. सबंध वर्गांत तें पुस्तक खऱ्या अर्थानें वाचणारा तोच एक होता, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

म्हणून यंत्रें वाढवावीं या पक्षाला आम्ही मिळालों. तरी दोन शंका घातल्या. पहिली धुराची. ॲक्रिलिक कापतांना उग्र वास सुटतो. पीव्हीसी तर यंत्रांत घालूंच नये, कारण त्यांतून निघणारा आम्लवायु फुप्फुसांस घातक असून यंत्रालाही खातो. कापणें चालू असतां यंत्र सोडून जावयाचें नाहीं, कारण ठिणगीचें ज्वाळेंत रूपांतर होण्यास क्षण पुरे. तेव्हां आधीं धूर बाहेर नेणारा नळ, मग देखरेखीस जाणता मनुष्य, आणि नंतर यंत्र, असा क्रम असावा. आजवर बहुतेक ठिकाणीं खरेदी आधीं होते व मनुष्य मिळतच नाहीं. आमच्या शाळेंतील विज्ञानाचीं उपकरणें अशींच खोक्यांत राहिलीं.

दुसरी शंका टेबलांची. एक यंत्र एका वेळीं एकाचेंच काम करतें, म्हणून सत्राअखेरीस रांग लागते, हें खरें. पण खिडकीजवळचीं टेबलें काढूं नयेत, असें आम्हीं सांगितलें. नात म्हणाली, “मी आठ दिवस रोज तीन वेळां मोजलीं. त्या खोलींत एका वेळीं चारांहून अधिक माणसें कधींच नव्हतीं.” “त्या चौघांचें काय?” आम्हीं विचारलें. ती थोडी थांबली. अखेर तिनें निवेदनांत तूर्त एकच यंत्र वाढवावें असें लिहिलें, आणि धुराच्या नळाचें वाक्य सर्वांत वर घेतलें. टेबलांविषयींचें आमचें वाक्य मात्र गाळलें. चौघांना वरच्या मजल्यावर जागा आहे, असें तिचें म्हणणें. आम्हांस तें अद्याप पटलेलें नाहीं.

परवां पुन्हा दूरध्वनि आला. घरांतील धाकट्या पणतूसाठीं ती प्लायवुडमधून बाराखडी कापून आरपार अक्षरांची पाटी करीत आहे. अडचण अशी, कीं ‘ठ’ च्या पोटांतील तुकडा कापतांच गळून पडतो, आणि ‘व’ चेंही तेंच. तुकडा धरून ठेवण्यास बारीक पूल कोठें ठेवावा, म्हणजे अक्षर बिघडणार नाहीं, असें तिनें आम्हांस विचारलें आहे. मंगळवारचा अर्धा तास तिला मिळाला आहे. तोंवर बोरूनें ‘ठ’ गिरवून पाहण्याचें काम आमच्याकडे आहे.