दोन कोरे चौकोन

पुण्याहून चेन्नईला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा मिक्सरचं भांडं आणि लेकीचं लसीकरण कार्ड, दोन्ही कुठल्याशा खोक्यात गेलं. भांडं दुसऱ्याच दिवशी सापडलं, कारण चटणी अडली होती. कार्ड सापडायला वर्ष लागलं, कारण काहीच अडलं नव्हतं. पाहते तर दीड वर्षाच्या रकान्यात दोन चौकोन कोरे: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर. लेक तोवर अडीच वर्षांची.

इथल्या सरकारी दवाखान्यात लसीचा वार बुधवार. रांगेत एकच धास्ती, आता सगळं पहिल्यापासून? सिस्टरने कार्डावरून बोट फिरवलं. मराठी तिला येत नव्हतं, तारखा मात्र कळत होत्या. ‘‘परवायिल्लै, अम्मा.’’ हरकत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे द्यायचं. आधीचे डोस वाया जात नाहीत. कुपीतल्या कोरड्या लसीत द्रावण मिसळून तिने वर वेळ लिहिली. चार तासांनी उरलेली लस फेकायची. लेकीने भोकाड पसरलं.

मग अर्धा तास बाकावर. शेजारच्या आजी गोवराला ‘तट्टम्मै’ म्हणत होत्या. देवीच्या रोगाला इथे ‘पेरियम्मै’. आपली मरीआई, यांची मारिअम्मन. कडुलिंबाचा पाला दोघींनाही. लस मात्र ‘तडुप्पूसी’, म्हणजे अडवणारी सुई.

या सुईला विरोध काही अडाण्यांनीच केला असं नाही. १९५५ साली राजाजींसारख्या विद्वानाने बीसीजीविरुद्ध लेखणी उचलली होती. २०१७च्या गोवर-रुबेला मोहिमेत तमिळनाडूत व्हॉट्सॲपवर अफवा फिरल्या. माझं कारण काय? ना तत्त्व, ना अफवा. खोकं!

परतताना गिंडी लागलं. बीसीजी बनवणारी सरकारी प्रयोगशाळा इथे १९४८पासून आहे. माझ्या डाव्या दंडावरचा व्रण बहुधा इथल्याच लशीचा. आईने तो वेळेवर करून घेतला होता. तिने माझ्याइतकी घरं बदलली नव्हती, एवढाच काय तो फरक.

तुम्हीही गाव बदललं असेल, तर आज रात्री ते कार्ड शोधा. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत, त्रिगुणीचा सात वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात मिळतो. फुकट.