चवड्याचे दुखणे : घाई नको, हयगयही नको



भातलावणीच्या दिवसांत आपल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "चपलेत खडा गेल्यासारखं वाटतं, पण काढून पाहिलं तर खडा नाही." टाच बरी असते, बोटे बरी असतात, दुखतो तो चवडा, म्हणजे बोटांच्या लगेच मागचा तळव्याचा भाग. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालताना, माडाच्या शिडीवर उभे राहताना, मिस्सात गुडघे टेकून उठताना बोटे मुडपली की तेथे कळ येते. आपण त्यावर कोमट तेल चोळतो, कुरूप असेल म्हणून ब्लेडने कातडी तासतो आणि पुन्हा कामाला लागतो. अशी वर्षे जातात.

हल्ली या दुखण्यावर छोट्या छेदाची शस्त्रक्रिया होते. मोठी चीर नाही, स्क्रू नाही, बहुधा त्याच दिवशी चालत घरी, असे कानावर आले की वर्षानुवर्षे सोसलेले माणूस एकदम तयार होते. आमचे मत असे की ही शस्त्रक्रिया उपयोगाची आहे; पण छेद लहान म्हणून तिचा निर्णयही लहान समजू नये.

आमच्या शेजारच्या एका काकूंना ऐन लावणीच्या आठवड्यातली तारीख मिळाली होती. पैशासाठी दुभती म्हैस विकायचे घरात ठरत होते. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, "काकू, डॉक्टरांना एकदा विचारा, हाड कापल्यावर चिखलात कधी उतरता येईल?" त्यांनी विचारले. उत्तर मिळाले, "तीन महिने तरी नाही." ही गोष्ट त्यांना कोणी मुद्दाम लपवून सांगितली नव्हती. त्यांनी विचारली नव्हती आणि छेद छोटा म्हणून कोणाच्या मनातही आली नव्हती.

या शस्त्रक्रियेत काय करतात ते समजून घेऊ. पावलात पाच लांब हाडे असतात आणि त्यांची पुढची टोके चवड्यावर टेकतात. तिफणीचा एक फण इतरांपेक्षा खाली उतरला तर सारा ताण त्याच्यावर येतो, तसेच येथे घडते. एखादे हाड अधिक लांब किंवा खाली झुकलेले असले, अथवा अंगठ्याचा सांधा वाकडा होऊन अंगठ्याने भार घेणे सोडले, की दुसऱ्या-तिसऱ्या हाडाच्या टोकावर बोजा पडतो. तेथेच घट्टा धरतो आणि दुखू लागते.

जुन्या पद्धतीत कातडी उघडून हाड तिरके कापतात, थोडे मागे सरकवून स्क्रूने बसवतात. शिकागोचे डॉ. वाइल यांनी ही रीत 1985 साली सुरू केली आणि ती आजही चालते. नव्या पद्धतीत काही मिलिमीटरच्या छिद्रातून गिरमिटासारखे बारीक फिरते हत्यार आत घालतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत हाड मानेपाशी कापतात. पुष्कळांना वाटते तशी ही दुर्बिणीची किंवा लेझरची शस्त्रक्रिया नाही. बहुधा दुसरे, तिसरे आणि चौथे अशी तिन्ही हाडे एकदम कापतात. कारण एकच फण वर उचलला तर भार शेजारच्यावर जातो आणि दुखणे फक्त जागा बदलते. स्क्रू घालत नाहीत. पहिल्या दिवसापासून कडक तळाच्या बुटात चालायला लावतात, म्हणजे अंगाच्या वजनानेच हाडांची टोके योग्य पातळीवर येऊन बसतात.

यात फायदा खरा आहे. जखम लहान असल्याने ती चिघळण्याचा धोका कमी असतो आणि सांध्याला हात न लागल्याने बोटे कमी ताठरतात. परंतु हाड ते हाडच. चार ते सहा आठवडे तो बूट, हाड नीट जुळायला साधारण तीन महिने, कधी अधिक, आणि सूज तर कित्येकांना सहा महिनेही राहते. काहींचे हाड उशिरा जुळते, काहींचे वाकडे जुळते, काहींचे दुखणे शेजारच्या हाडाखाली सरकते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचे हाड जुळायला अधिक वेळ लागतो.

शिवाय चवड्याचे प्रत्येक दुखणे हाडाच्या लांबीचे नसते. तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मध्ये आग होते, मुंग्या येतात, तेव्हा तेथील शीर दाबून जाड झालेली असू शकते. फिलाडेल्फियाचे डॉ. मॉर्टन यांनी 1876 मध्ये वर्णिलेला हा विकार वेगळा आणि त्याचा उपचारही वेगळा. दोन्ही पायांचे आणि हातांचेही सांधे सकाळी ताठरत असतील तर तो संधिवात असू शकतो. त्याला आधी औषध हवे. बेळगाव-खानापूरकडून दर वर्षी नोव्हेंबरअखेर जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणासाठी पायी जाणाऱ्यांपैकी कोणाचा चवडा वाटेत सुजला आणि परतल्यावरही दुखत राहिला, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. प्रशियाच्या सैन्यातील डॉ. ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पायांची ही सूज 1855 मध्येच नोंदवली होती. पहिले दोन-तीन आठवडे हा तडा क्ष-किरण चित्रात दिसतही नाही आणि बहुधा नुसत्या विश्रांतीने तो भरतो. म्हणून आधी निदान, मग उपचार.

निदान झाल्यावर साध्या उपायांना तीन ते सहा महिने प्रामाणिकपणे द्यावेत. झिजून पापडासारखी झालेली रबरी चप्पल टाकून द्यावी. पुढे रुंद, टाच बुटकी, तळ जाड अशी वहाण घ्यावी. तिच्यात सुमारे अर्धा सेंटीमीटर उंचीची मऊ गादी चिकटवून घ्यावी, पण दुखऱ्या जागेखाली नव्हे, तिच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला. जागा सापडण्यासाठी दुखऱ्या बिंदूला कोळशाचा ठिपका लावून वहाणेत पाय ठेवावा. ठिपका उमटेल त्याच्या मागे गादी. पोटरी आखडली असेल तर टाच लवकर उचलली जाते आणि चवडा जास्त भार सोसतो. म्हणून भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला, असे तीस सेकंद उभे राहावे. तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. अंगाचे वजन वाढले असेल तर तेही उतरवावे.

एवढे करूनही दुखणे हटत नसेल तर मात्र सोसत बसू नये. सोसणे हा गुण आहे खरा, पण चवडा वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे पायाच्या बाहेरच्या कडेवर चालणारा माणूस पुढे गुडघा आणि कंबरही दुखवून घेतो. अशा वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. माझे निदान नक्की काय? किती हाडे कापणार आणि का? शेतात कधी उतरता येईल? दुखणे राहिले किंवा सरकले तर पुढे काय? पायाची हाडे कापण्याचा हा हातोटीचा प्रकार आहे, तेव्हा ही रीत ते नेहमी करतात का, हेही विचारायला संकोच नको. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

मधुमेही बंधुभगिनींसाठी वेगळा इशारा. तुमचा पाय दुखत असेल तर लगेच दाखवा. दुखत नसेल तरी रोज पाहा. 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात येऊन पुढे कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बधिर पाय झिजतो तो वेदना थांबवायला नसते म्हणून. मधुमेहातही तेच होते. अशांनी ब्लेड आणि कुरुपाची औषधी पट्टी, दोन्ही वर्ज्य करावीत.

आमची एक सूचना आहे. धर्मग्रामातील आरोग्य शिबिरात रक्तदाब पाहतात, साखर तपासतात. वहाणा काढून पाय कोणी पाहत नाही. पुढच्या शिबिरात एक खुर्ची, पाण्याचे घमेले आणि स्पर्श तपासण्याचा नायलॉनचा धागा ठेवावा आणि डॉक्टरांच्या शेजारी वहाणा शिवणाऱ्या कारागिरालाही मानाने बसवावे. पुष्कळांचे काम तेथेच भागेल.

काकूंनी ती तारीख पुढे ढकलली. वहाण आणि व्यायाम यांनी डावा पाय बरा झाला, उजवा हटेना. सुगी आटोपल्यावर जानेवारीत त्यांनी उजव्या पायाची शस्त्रक्रिया करून घेतली. पैशाची तजवीज तोवर झाली होती, म्हैस दावणीलाच राहिली. एप्रिलपर्यंत त्या शेतात गेल्या नाहीत, सूज मे महिन्यात उतरली. यंदा जुलैत त्या लावणीला उभ्या होत्या. शस्त्रक्रिया तीच होती. फक्त वेळ त्यांनी स्वतः निवडली होती.