आधी जिवाणू ओळखा, मग ट्यूब सोडा

कासदाह हे एकाच रोगाचे नाव नाही. सुजलेली कास, दुधातल्या गाठी आणि घटलेली धार ही लक्षणे सारखी दिसली, तरी त्यामागचे जिवाणू वेगळे असतात. कासेवर हल्ला करण्याची प्रत्येकाची साधनेही वेगळी असतात. पशुपालक ज्याला सरसकट ‘दगडी’ म्हणतो, त्यावर सडात सोडायची एकच औषधी ट्यूब सरसकट का लागू पडत नाही, याचे उत्तर या साधनांत आहे.

सर्वांत चिवट शत्रू स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो दूध काढणाऱ्याच्या हातांवरून आणि कास पुसायच्या फडक्यावरून एका गाईकडून दुसरीकडे जातो. पृष्ठभागावरील प्रथिनांच्या साहाय्याने तो दूधग्रंथींच्या पेशींना चिकटतो, त्यामुळे धारेबरोबर वाहून जात नाही. त्याचे ‘प्रोटीन ए’ प्रतिपिंडांना उलट्या बाजूने धरते आणि पांढऱ्या पेशींना त्याची ओळख पटत नाही. ल्युकोसिडिन ही विषे त्या पेशींनाच मारतात, तर हिमोलायसिन दूध तयार करणाऱ्या पेशी फोडते. पुढे हा जिवाणू जैवपटल तयार करतो, पेशींच्या आत दडतो आणि त्याच्याभोवती तंतुमय गाठ धरते. तिथे औषध पुरेसे पोहोचत नाही. अनेक प्रकारांत पेनिसिलिन निकामी करणारे विकरही असते. म्हणून तीन दिवसांच्या ट्यूबने दूध स्वच्छ दिसू लागते आणि महिनाभरात तोच सड पुन्हा बिघडतो.

ई. कोलाय शेणातून येतो. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे त्याच्या बाह्य आवरणातील एंडोटॉक्सिन. कासदाहाच्या ई. कोलायला वेगळा ओळखून देणारा विषकारक घटकांचा ठरावीक संच मात्र आढळत नाही. आजाराची तीव्रता बरीचशी गाईच्या प्रतिकारावर ठरते. विण्याच्या सुमारास पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावलेली असते. पावसाळ्यात चिखलात बसलेली, नुकतीच व्यालेली संकरित गाय सकाळी ठीक असते आणि संध्याकाळपर्यंत दूध पिवळसर पाण्यासारखे होते, कान थंड पडतात, गाय बसून राहते. अशा वेळी सलाईन, दाहशामक औषध आणि सड वारंवार रिकामा करणे यांना पहिले स्थान आहे.

स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए कासेतच तग धरतो आणि पेनिसिलिनला सहसा चांगला प्रतिसाद देतो. नेटाने प्रयत्न केल्यास त्याला गोठ्यातून हद्दपार करता येते. स्ट्रेप्टोकोकस युबेरिस मात्र गोठ्याच्या जमिनीतही टिकतो. तिथे औषधाइतकीच कोरड्या बैठकीची गरज असते.

निदानाची सुरुवात सीएमटीने (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) होते. ही चाचणी 1957 मध्ये कॅलिफोर्नियात विकसित झाली. पॅडलच्या चार कप्प्यांत चार सडांचे थोडे थोडे दूध आणि तेवढेच द्रावण घेऊन हलवले, की दाह असलेल्या सडाचे दूध जेलीसारखे घट्ट होते. दुधातील पेशींच्या डीएनएमुळे हे घडते. दाह कळला, तरी जिवाणू कोणता हे सीएमटी सांगत नाही. त्यासाठी सड 70 टक्के अल्कोहोलने पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक नळीत दूध घ्यावे लागते. हा नमुना प्रतिजैविक देण्याआधीचा हवा आणि बर्फातून प्रयोगशाळेत जायला हवा. ऑरियस अधूनमधूनच दुधात उतरतो, म्हणून एक नकारार्थी अहवाल पुरेसा धरता येत नाही. मराठवाड्यात परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि राज्य पातळीवर पुण्याचा रोग अन्वेषण विभाग हे या कामातले आधार आहेत.

हा प्रश्न गोठ्यापुरता नाही. ऑरियसचे काही प्रकार आंत्रविष तयार करतात. दूध कोमट राहिले, जिवाणू वाढले, तर पुढे उकळल्याने जिवाणू मरतात, विष मात्र टिकते. शहराच्या बाजारात पेढा घेणाऱ्याची सुरक्षितता खेड्यातल्या गोठ्यातच ठरते. प्रतिजैविकाचा अंश असलेले दूध विरजणात अडथळा आणते आणि औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंना वाव देते. ट्यूबनंतर किती दिवसांचे दूध विक्रीला द्यायचे नाही, हे पशुपालकाला स्पष्ट सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

प्रतिबंध स्वस्त आहे. प्रत्येक गाईआधी हात धुणे, प्रत्येक कासेला वेगळे कोरडे फडके, दूध काढल्यावर आयोडीनच्या द्रावणात सड बुडवणे आणि बाधित गाईचे दूध शेवटी काढणे, एवढ्याने संसर्गाची साखळी तुटते. धार काढल्यावर सडाचे छिद्र काही वेळ उघडे राहते. तेव्हा गाय बसू नये म्हणून वैरण त्याच वेळी टाकावी. आटवताना, गरज असलेल्या सडांत दीर्घकाळ टिकणारे औषध सोडल्यास भाकड काळात जुना संसर्ग बरा होण्याची संधी सर्वाधिक असते.

पशुवैद्यकाच्या पिशवीत ट्यूबच्या आधी सीएमटीचे पॅडल आणि निर्जंतुक नळी असली पाहिजे. कोणत्या जिवाणूशी गाठ आहे हे ठरल्याशिवाय औषध बदलत राहणे पशुपालकाच्या पैशाला, गाईच्या कासेला आणि ग्राहकाच्या आरोग्याला परवडणारे नाही.