तेंदूपत्त्यावरचं ग्रीक

“वाचत राहा, इंग्रजी आपोआप येईल.” हा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांच्या घरी लहानपणापासून इंग्रजी पेपर येत होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात मराठी पेपरसुद्धा दुपारच्या एसटीने यायचा, आणि नाल्याला पूर आला की तोही नाही. इंग्रजी दिसायचं ते खताच्या पोत्यावर आणि गोळ्यांच्या पाकिटावर. आमच्याकडे आपोआप यायचा तो फक्त मलेरिया.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिथे इंग्रजी कानावर पडत नाही, तिथल्या पोरांना शब्द आपोआप येत नाहीत. त्यांना शब्द उघडायला शिकवावं लागतं. अवघड इंग्रजी शब्दांपैकी बहुतेक लॅटिन आणि ग्रीक मुळांपासून बनलेत. ही मुळं जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीपासून, मराठीचा हात धरून शिकवली पाहिजेत. हे चोचले नाहीत. ज्याच्याकडे इंग्रजी वातावरण विकत घ्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. इंजिनिअरिंगला ‘पॉलिमॉर्फिझम’ हा शब्द समोर आला. व्याख्या घोकली, पेपरात उतरवली, मार्क मिळाले, डोक्यात काही शिरलं नाही. नोकरी लागल्यावर फुटपाथवरून ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ घेतलं. नॉर्मन लुईसचं हे १९४९ सालचं पुस्तक शब्द मुळांवरून शिकवतं. ते वाचून मला प्रत्येक शब्दाचं मूळ शोधायची सवय लागली. ‘पॉली’ म्हणजे अनेक, ‘मॉर्फ’ म्हणजे रूप. अरे, हा तर आपला बहुरूपी! आज पोलीस, उद्या हनुमान बनून दारात येणारा. माणूस एक, सोंगं अनेक. प्रोग्रॅममध्येही तेच: फंक्शनचं नाव एक, समोरचा ऑब्जेक्ट बदलला की वागणं बदलतं. ‘कॉन्कॅटिनेट’मध्ये ‘कॅटेना’ म्हणजे साखळी लपलेली आहे. दोन मिनिटांचं काम होतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ती दोन मिनिटं कुणाला सापडली नाहीत.

राग येतो तो यासाठी की किल्ली आमच्या खिशातच होती. मराठी माध्यमाच्या पुस्तकात ‘प्रकाशसंश्लेषण’ होतं. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिन्’ म्हणजे सम्, एकत्र. ‘थेसिस’ म्हणजे मांडणं. मराठी शब्द इंग्रजी शब्दाची जवळजवळ फोड करून देतो. ‘डेंटल’मध्ये दंत आहे, ‘इम्मॉर्टल’मध्ये आपला ‘मर’ आहे, ‘अमर’ला चिकटलेला. हे योगायोग नाहीत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच घराण्यातल्या भाषा. आता सेमी इंग्रजीत विज्ञान इंग्रजीतून येतं. पोरगं ‘फोटोसिंथेसिस’ पाठ करतं आणि प्रकाशसंश्लेषण त्याच्या कानावरही पडत नाही. पूल होता, तो आपणच काढून टाकला. दोन्ही शब्द शेजारी-शेजारी फळ्यावर लिहायला किती खडू लागतो?

आणि उदाहरणं शोधायला लांब जायची गरज नाही. मे महिन्यात आमच्याकडे घरंच्या घरं तेंदूपत्ता तोडायला जंगलात असतात. तेंदूचं शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. ‘मेलॅन’ म्हणजे काळं. त्यावरून कातडीचा रंग ठरवणारं मेलॅनिन. ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड. त्यावरून झायलेम, जिला आपण जलवाहिनी म्हणतो. ‘डायोस’ म्हणजे झ्यूस देवाचं, आणि हा झ्यूस आपल्या ‘द्यौ’चा भाऊबंद. पहाटे चारला उठून पानं तोडणाऱ्या पोरीच्या हातात अर्ध्या जीवशास्त्राची चावी आहे. तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

“शब्दाच्या मुळाने पोट भरतं का?” असं विचारणाऱ्यांनी बांबूचा इतिहास बघावा. आमच्या बांबूचं नाव डेंड्रोकॅलॅमस, म्हणजे ‘झाड-बोरू’. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. पण १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाडांत मोजलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. जुन्या कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू सुटला थेट २०१७ मध्ये. नव्वद वर्षं एका शब्दाच्या पोटात काय मोजायचं, यावर लोकांचा हक्क अडकून होता. शब्दाची फोड ज्याला येते, तो ऑफिसातल्या टेबलासमोर गप्प बसत नाही.

मुळं फसवतात, हा आक्षेप खरा आहे. ‘मलेरिया’ इटालियन ‘वाईट हवा’वरून आला, आणि रोग तर डासाने होतो. मूळ अर्थाचा अंदाज देतं. खात्री शब्दकोशातून आणि वाक्यातूनच करावी लागते. मग तसंच शिकवा. निम्मा अंदाजही घोकंपट्टीपेक्षा बरा.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. भामरागडच्या माडिया पोराला ‘प्रकाशसंश्लेषण’ही ‘फोटोसिंथेसिस’इतकंच परकं. त्याच्यासाठी मराठीसुद्धा शाळेत भेटणारी भाषा आहे. माझा मराठीचा पूल त्याच्या दारापर्यंत पोचत नाही, हे मान्य. पण त्याला दोन्ही शब्द न फोडता देणं हा दुप्पट अन्याय. त्याच्या भाषेतून तिसरा शब्द फळ्यावर घ्या. आणि त्याला हेही सांगा की आलापल्लीच्या जंगलातल्या सागाला इंग्रजी ज्या ‘टीक’ नावाने ओळखते, ते पोर्तुगीजांमार्फत मल्याळममधून गेलं, आणि मल्याळम ही माडिया-गोंडीच्याच द्रविड कुळातली. जगाच्या इंग्रजीत त्याच्याही कुळाचं लाकूड आहे.

सरकारी योजनेची वाट बघायला नको. मास्तर, उद्या एका मुळाने सुरुवात करा. ‘मेलॅन’ घ्या. खिडकीबाहेर झाड उभंच आहे.