तीन वर्षांचे रविवार

शनिवारी रात्री साडेनऊला बॉसचा फोन आला की समजायचं, रविवार गेला. ‘अरे, उद्या दोन तास येशील का?’ त्या दोनाचे सहा कसे होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या दोन वर्षांत असे किती रविवार गेले, ते बायकोला तोंडपाठ आहे. माझ्याकडे फक्त पुरावा आहे : पलंगाखाली खोळीत पडून असलेला तबला.

मागच्या रविवारी असाच ऑफिसात बसलो असताना एका आकड्याची गोष्ट वाचली. आकडा असा : 14,75,73,95,25,89,67,64,12,927. घाबरू नका. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट लहानपणी ऐकलीय ना? पटाला 64 ऐवजी 67 घरं असती, तर एकूण दाणे बरोब्बर इतके झाले असते. म्हणजे दोनचा 67 वा घात, वजा एक.

मर्सेन नावाच्या फ्रेंच साधूने 1644 मध्ये ठोकून दिलं की ही मूळ संख्या आहे. एदुआर ल्युका या गणितज्ञाने 1876 मध्ये दाखवून दिलं की नाही, हिला भाग जातो. पण कशाने जातो, ते त्यालाही ठाऊक नव्हतं! चोरी झाली हे नक्की, चोर कोण ते माहीत नाही, असला प्रकार.

मग ऑक्टोबर 1903. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक उठले आणि फळ्यापाशी गेले. सांगतात ते असं, की अवाक्षर न बोलता त्यांनी दोनचा 67 वा घात मांडला, एक वजा केला. शेजारी 19,37,07,721 गुणिले 7,61,83,82,57,287 हा गुणाकार हाताने केला. दोन्हीकडे तोच आकडा! टाळ्या पडल्या, आणि कोल गुपचूप जागेवर येऊन बसले. (आमच्याकडे यासाठी चाळीस स्लाइड्स झाल्या असत्या.)

हे शोधायला किती वेळ लागला, असं पुढे ई. टी. बेल यांनी विचारलं. उत्तर : तीन वर्षांचे रविवार.

आता हे किती कठीण बघा. या संख्येचा कुठलाही भाजक घ्या, त्याला 134 ने भागलं की बाकी 1 उरते, एवढी सवलत गणित देतं. पण एक सोडला तर त्या रांगेत पहिला खरा भाजक 14,45,580 व्या नंबरावर उभा आहे! कोलनी आणखी युक्त्या लढवल्या, पण आकडेमोड सगळी हाताची. माझ्या लॅपटॉपने तेच काम सेकंदाच्या आत केलं.

‘मग फुकट गेले की रे त्याचे रविवार,’ शेजारच्या क्युबिकलमधला मित्र म्हणाला. मला नाही तसं वाटलं. ते त्याने स्वतः दिले होते, कुणी मागितले नव्हते. माझे कुठे गेले विचाराल, तर एक्सेल शीटसुद्धा सापडणार नाही.

काल साडेनऊला फोन वाजला. बायको टीव्हीचा आवाज कमी करून बघत होती.

‘सर, उद्या नाही जमणार.’

पलीकडे शांतता. मग ‘ठीक आहे, सोमवारी बोलू.’ पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे, हेही त्यात आलंच.

सकाळी तबला काढला. शाईवर बुरशी आलीय, वादी सैल पडलीय. दुकान रविवारी बंद असतं.