पगारातून सायकल… पण कुणाच्या?

ब्रिटनमध्ये नोकरीच्या ठिकाणाहून सायकल मिळते, असं सांगितलं की तिकडच्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘फुकट?’’ फुकट नाही हो, पण दुकानापेक्षा स्वस्त. १९९९च्या वित्त कायद्यातून आलेली ‘सायकल टू वर्क’ ही योजना आता पंचविशी ओलांडून पुढे गेली आहे. तिच्याविषयी चर्चा होते ती सरकारचा कर किती बुडतो, लोक त्यातून महागड्या शर्यतीच्या सायकली घेतात का, अशी. बाईच्या बाजूने या योजनेकडे फारसं कुणी बघत नाही. मी लीड्समध्ये नोकरी करते आणि माझीही सायकल याच योजनेतली आहे. म्हणून म्हटलं, आज जरा हिशेब मांडून बघू या.

आधी ही योजना चालते कशी ते. मालक सायकल विकत घेतो आणि तुम्हाला भाड्याने देतो, बहुधा बारा महिन्यांसाठी. भाडं पगारातून कापतात, पण कर कापण्याच्या आधी. सगळी गंमत या ‘आधी’त आहे. हजार पौंडांची सायकल घेतली तर महिन्याला साधारण ८३ पौंड कापले जातात. इंग्लंडमध्ये मध्यम पगार असेल तर त्या रकमेवरचा २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचतो. म्हणजे सायकल पडली ७२० पौंडांना. पगार ४० टक्के कराच्या टप्प्यात गेला असेल, तर ४० आणि २ मिळून ४२ टक्के वाचतात. त्या साहेबांना तीच सायकल ५८० पौंडांना! ज्याचा पगार मोठा, त्याला सायकल स्वस्त.

आणि ज्यांचा पगार सगळ्यात कमी, त्यांना? त्यांना मुळी योजनाच नाही. कारण वजावट झाल्यावर ताशी पगार कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, असा नियम आहे. नियम वाईट नाही. मालकाने काहीबाही कारणं काढून गरिबाचा पगार कापू नये, म्हणूनच तो आहे. पण त्याचा परिणाम बघा. ऑफिसात पहाटे साफसफाईला येणाऱ्या, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणाऱ्या कितीतरी जणी किमान वेतनावर किंवा त्याच्या जेमतेम वर असतात. पहाटे पाचला, बस सुरू व्हायच्या आधी, ज्यांना सायकलची खरी गरज, नेमक्या त्याच दाराबाहेर. घरी मुलं सांभाळून चार पैसे मिळवणारी बाई तर कुणाची पगारी नोकर नसतेच, त्यामुळे तिचाही प्रश्न मिटला!

अर्धवेळ काम करणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. मुलं लहान असताना अर्धवेळ नोकरी धरणाऱ्या इथेही बहुतेक बायकाच असतात. समजा, ताशी १४ पौंड मिळवणाऱ्या दोघी आहेत. एक आठवड्याला साडेसदतीस तास काम करते, दुसरी सोळा तास. दोघींनाही चढ चढायला सोपी पडेल अशी दोन हजार पौंडांची ई-बाईक हवी आहे. महिन्याची वजावट दोघींची सारखीच, साधारण १६७ पौंड. पण पहिलीच्या तासांवर ती पसरली की ताशी पगार जवळपास १३ पौंड उरतो. दुसरीच्या थोड्या तासांवर तीच वजावट पडली की उरतात ११ पौंड ६० पेन्स. एकवीस वर्षांवरच्यांसाठी एप्रिल २०२६पासूनचं किमान वेतन आहे १२ पौंड ७१ पेन्स. म्हणजे पहिलीला सायकल मिळाली, दुसरीला नकार. ताशी पगार सारखा, काम सारखं, फरक फक्त तासांचा. नियम लिहिणाऱ्याच्या हे मनातही नसेल. पण म्हणून त्या नकाराची धार कमी होत नाही.

ज्यांना सायकल मिळू शकते, त्यांनीही सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. वर्ष संपलं की सायकल आपोआप तुमची होत नाही, ती अजून मालकाचीच असते. करखात्याच्या कोष्टकानुसार पाचशे पौंडांवरच्या सायकलची किंमत एका वर्षानंतर पंचवीस टक्के धरतात. हजाराच्या सायकलला २५० पौंड भरले, तर वाचवलेले २८० गेलेच की! म्हणून बहुतेक जण मुदत वाढवून घेतात. चार वर्षांनी तीच किंमत सात टक्क्यांवर येते. नोकरी मध्येच सोडलीत तर उरलेली रक्कम शेवटच्या पगारातून वळती होते, आणि तिच्यावर कराची सूट नसते. बाळाचा विचार चालू असेल तर आणखी सावध. प्रसूती रजेतल्या पहिल्या सहा आठवड्यांत सरासरी पगाराच्या नव्वद टक्के मिळतात, आणि ती सरासरी काढतात प्रसूतीच्या काही महिने आधीच्या साधारण आठ आठवड्यांच्या पगारावरून. त्या काळात सायकलची वजावट चालू असेल तर सरासरीच खाली येते. माहितीपत्रकात हसरी जोडपी टेकडीवर सायकल चालवताना दिसतात. हे मात्र बारीक अक्षरात असतं.

आता मुद्द्याचं. सायकल घ्यायची कोणती? योजना ‘घर ते ऑफिस’ एवढाच प्रवास गृहीत धरते. निम्म्याहून अधिक वापर कामावर जाण्या-येण्यासाठी हवा, अशी अट आहे. पण बाईची वाट अशी सरळ असते का? घर, पाळणाघर किंवा शाळा, मग काम, परतताना दूध-भाजी, पुन्हा शाळा. त्यामुळे दुकानातला मुलगा कितीही हलक्या, वेगवान सायकली दाखवो, आपण विचारायचं ते हे, की माझी सगळी फेरी हिच्यावर होईल का?

मी घेताना पहिली पाहिली ती दांडी. म्हणजे दांडी नसलेली, आपली जुनी ‘लेडीज सायकल’. इथे तिला कुणी कमी लेखलं तर लेखू दे. मागे सीटवर मूल बसलेलं असताना पाय मागून टाकून चढणार कसं? तिथे पुढून पाय घालता येणारी सायकलच हवी. दुसरं, कॅरिअर. ते किती किलोचं आहे हे विचारून घ्यायचं, आणि मुलाची सीट लावायची असेल तर ते त्यासाठी चालतं का, हेही. तिसरं, मडगार्ड आणि चेनकव्हर. हा पावसाचा देश, मडगार्ड नसेल तर ऑफिसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन बसावं लागतं. चौथं, दिवे. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. चाकातच डायनॅमो असेल तर बॅटरी संपायची भीती नाही. टायर जरा रुंद, चाळीस मिलिमीटरच्या आसपासचे, म्हणजे खड्ड्यांत हादरे कमी. डिस्क ब्रेक, कारण ओल्या उतारावर मूल मागे असताना नेमका ब्रेक लागायलाच हवा. आणि एक भक्कम स्टँड! भरलेल्या पिशव्यांची सायकल भिंतीला टेकवून बघा, मग कळेल.

मजा म्हणजे आपल्याकडे गावोगावी मिळणाऱ्या साध्या सायकलला मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड हे सारं असायचंच. इथे बऱ्याच सायकली उघड्याबोडक्या विकतात. दिलासा एवढाच, की हेल्मेट, कुलूप, दिवे, मडगार्ड, पिशव्या, मुलाची सीट, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून लावायची जाळी, हे सगळं सुरक्षेचं सामान म्हणून याच योजनेत बसतं. ते सायकलबरोबरच मागून घ्यावं, मागाहून वेगळे पैसे का घाला?

लीड्स हे चढउतारांचं गाव, त्यामुळे ई-बाईकचा मोह होतोच. २५० वॉटची मोटर, ताशी साधारण २५ किलोमीटरनंतर तिची मदत बंद. लायसन्स लागत नाही, विम्याची सक्ती नाही. पूर्वी बहुतेक ठिकाणी हजार पौंडांची मर्यादा असायची, त्यात ई-बाईक मिळणं कठीणच होतं. २०१९मध्ये सरकारने मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि जास्त किमतीच्या सायकलींची वाट मोकळी झाली. मोठ्या पगारवाल्यांचा फायदा त्यातून वाढला हे खरं, पण मूल आणि सामान घेऊन चढ चढणाऱ्या आईलाही ई-बाईक आवाक्यात आली, हेही तितकंच खरं. म्हणून सरसकट मर्यादा घाला म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. छाटायचं ते नेमकं छाटा.

दुसरा मार्ग नाही असं थोडंच आहे? बेल्जियममध्ये मे २०२३पासून खासगी क्षेत्रातल्या नोकरदारांना सायकलने कामावर गेल्याबद्दल किलोमीटरमागे भत्ता मिळू लागला. सुरुवातीचा दर होता २७ सेंट. तिथे पगाराचा टप्पा कुणी विचारत नाही, चाललेलं अंतर मोजतात. झाडू मारणारी आणि मॅनेजर, दोघींच्या किलोमीटरची किंमत एकच. आपल्या बिहारनेही २००६मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी थेट पैसे दिले होते. बापाचा कर किती वाचतो, हा हिशेब त्यात नव्हता.

आपल्याकडे सप्टेंबर २०२५मध्ये सायकलवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला, ते चांगलंच झालं. उद्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनीही ‘पगारातून सायकल’ आणली, तर तिचं स्वागत करू या. फक्त त्या दिवशी, मैत्रिणींनो, एक प्रश्न जरूर विचारा. सकाळी आपल्या घरी पोळ्या लाटायला जी सायकलवरून येते, तिच्याकडे पगाराची स्लिप नाही. तिची सायकल कुठल्या योजनेत बसवणार आहात?